गावठी मिरचीची झाडवार नोंद : एका हंगामाची कृती

मे महिन्यात आगोटीची तयारी सुरू झाली की रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांत खळ्यात मिरची वाळत पडते. मसाल्याची ब्याडगी आणि संकेश्वरी बाजारातून येते, पण तिच्या शेजारी सुपात किंवा जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर घरच्या मळ्यातली थोडी मिरची असतेच. पुढच्या वर्षाचं बी याच ढिगातून निघतं. हात फिरवून त्यातल्या त्यात लांब, लालभडक, डाग नसलेल्या मिरच्या बाजूला काढायच्या, फोडून बी राखेत घोळवायचं आणि बाटलीत भरून ठेवायचं. पिढ्यान्‌पिढ्या हे काम बहुतेक घरांत बायकांनी केलं आणि गावठी मिरची त्यांच्यामुळेच आपल्यापर्यंत पोचली.

पण ढिगातली मिरची आपल्या झाडाबद्दल काही सांगत नाही. एखाद्या झाडाला तशा दीडशे मिरच्या लागलेल्या असतात. दुसरं झाड बोकड्या (पानं मुरडण्याचा रोग) पडून आखडलेलं असतं आणि त्यावर जेमतेम चार धरलेल्या असतात. दोन्ही झाडांची मिरची सुपात सारखीच दिसते. आपण फळ निवडतो, झाड निवडायचं राहून जातं. म्हणून बी उभ्या झाडावर निवडायला हवं. त्याच्याही आधी, आपल्या गावात मिरचीचे प्रकार किती आहेत आणि ते कशाकशात वेगळे आहेत, हे एकदा शेजारी शेजारी लावून पाहायला हवं. त्यासाठी एक हंगाम आणि गुंठाभर जागा पुरते. बचत गटाला जमेल, शाळेला जमेल, एकट्या शेतकऱ्यालाही जमेल.

सामान थोडंच लागतं. जाड पुठ्ठ्याची वही आणि शिसपेन्सिल घ्या, कारण पेनाची शाई दंवात पसरते. मोजपट्टी, शिवणकामाचा दोरा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, कागदी पाकिटं, रोवायला पत्र्याच्या पट्ट्या, मलमलीचे तुकडे आणि रंगीत लोकर हवी. फळाच्या सालीची जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर लागतो. तो जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून मागून आणता येतो.

बी जमवणं : एप्रिल-मे

मिरची खळ्यात असताना घरोघर जा. पाऊस पडल्यावर गेलात तर बी बाटलीत गेलेलं असतं आणि फळ बघायला मिळत नाही. मळ्यात मिरची करणारी दोन-तीन घरं घ्या, परसात चार झाडं राखणारी दोन-तीन घ्या, कातळाच्या कडेला माती भरून लावणारं एखादं घर असेल तर ते सोडू नका. जमीन आणि पाणी बदललं की टिकून राहिलेली मिरचीही बदललेली असण्याची शक्यता जास्त.

बोलणं सरळ बियाण्यावर आणा. “काकी, हे बी घरचंच की कुणी दिलेलं?” एवढं विचारलं की पुढची माहिती आपोआप येते. अनेक घरांत बी माहेरहून आलेलं असतं, राजापुरातली मिरची लग्नानंतर संगमेश्वरात रुजलेली सापडते. हे वहीत लिहा, कारण पुढे दोन लांबच्या गावांतली मिरची अगदी एकसारखी निघाली तर त्याचं उत्तर इथे मिळतं. किती वर्षं राखली, रोपं कधी टाकतात, पाणी देतात की भातानंतरच्या ओलीवर होते, हिरवी खातात की वाळवतात की भरतात, तिच्यात खोड काय, हेही विचारा. खोड कुणी आपणहून सांगत नाही. “पाऊस लांबला की कुजते का?”, “देठ सुटायला त्रास होतो का?” असं नेमकं विचारावं लागतं.

प्रत्येक घरून वीस-पंचवीस अख्ख्या वाळलेल्या मिरच्या मागा, शक्य तेवढ्या वेगवेगळ्या झाडांवरच्या. एकाच झाडाच्या मिरच्या आणल्या तर त्या घराच्या बियाण्यातला बराचसा फरक तिथेच सुटतो. पाकिटाला क्रमांक द्या: र-1, र-2, र-3. घरमालकाचं नाव त्यांना विचारूनच लिहा. दोन घरांनी एकच नाव सांगितलं तरी पाकिटं एकत्र करू नका. ‘लवंगी’ म्हणून मिळालेल्या दोन मिरच्यांतली एक आभाळाकडे तोंड करून धरणारी आणि दुसरी खाली लोंबणारी निघू शकते. पाच-पाच मिरच्या नमुना म्हणून अख्ख्या ठेवा, उरलेल्यांचं बी काढा. बी काढण्याआधी हाताला खोबरेल तेल चोळलं तर आग कमी होते, तरी त्या हाताने डोळा चोळू नका.

पावसाळा पार करणं

जून ते सप्टेंबर रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवा सतत ओली असते. मिरचीचं बी ही ओल पिऊन घेतं आणि चार महिन्यांत त्याची उगवण खाली येते. पूर्वी बी चुलीवरच्या शिंकाळ्यात टांगलेलं असायचं. धूर आणि ऊब दोन्ही मिळायची. चूल गेली तशी ही सोयही गेली, म्हणून आता बरणी नीट करावी लागते.

बी सावलीत, वाऱ्यावर इतकं वाळवा की दुमडल्यावर वाकण्याऐवजी मोडेल. बियाणे प्रमाणीकरणाच्या नियमांत मिरचीच्या बियाण्यात साध्या पिशवीत 8 टक्के आणि हवाबंद डब्यात 6 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. आपल्याकडे ओलावा मोजायचं यंत्र नसतं, तेव्हा वाटीभर तांदूळ कोरडे खमंग भाजा, पूर्ण निवू द्या आणि काचेच्या बरणीच्या तळाशी ओता. वर कापड घालून बियांची पाकिटं ठेवा आणि झाकण घट्ट लावा. भाजके तांदूळ बरणीतली ओल ओढून घेतात. बरणी उघडावी लागली की तांदूळ पुन्हा भाजून घाला.

उगवण आणि रोपं : सप्टेंबर-ऑक्टोबर

सप्टेंबरच्या मध्यावर प्रत्येक क्रमांकाचे पन्नास दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं सुकू देऊ नका आणि चौदा दिवसांनी मोड मोजा. प्रमाणित बियाण्याला किमान 60 टक्के उगवण लागते. घरगुती बी त्याच्या खाली उतरलं तर ते टाकून न देता दाट पेरा. ज्या घरात आता एकच म्हातारी मिरची राखते आहे, तिथलं वीस टक्के उगवणारं बी बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचं असू शकतं.

गादीवाफा एक मीटर रुंद आणि वीतभर उंच करा. आडव्या रेघा चार बोटांच्या अंतरावर ओढा, एका रेघेत एकच क्रमांक ठेवा आणि दोन क्रमांकांमध्ये एक रेघ मोकळी सोडा. बी सेंटिमीटरभर खोल टाका. पांढरी माशी पानं आखडवणारा विषाणू आणते आणि रोपवाटिकेत लागलेला विषाणू पुढच्या सगळ्या नोंदी वाया घालवतो. म्हणून वाफ्यावर बारीक जाळी ताणा.

वहीची पहिली नोंद इथेच होते. बीदलं उघडली की त्यांच्या खालचं खोड हिरवं आहे की जांभळट, हे पाहा. ही जांभळी झाक पुढे खोडाच्या पेऱ्यांवर, कधी कच्च्या फळावरही दिसते. एका रेघेत बहुतेक रोपं हिरवी आणि चार-पाच जांभळी आली, तर त्या घरच्या बियाण्यात दोन प्रकार मिसळलेले आहेत किंवा मागे कधी संकर झालेला आहे. वेगळी रोपं उपटू नका. त्यांची संख्या लिहा आणि लोकर बांधून तीही लावणीला घ्या.

मळ्यातली आखणी

हळवं भात निघालं की जमीन मोकळी होते, गरव्याच्या मळ्यात नोव्हेंबर उजाडतो. रोपं पाच-सहा आठवड्यांची, वीतभर झाली की लावा. मागच्या वर्षी जिथे वांगी किंवा टोमॅटो उभ्या उभ्या सुकले ती जागा घेऊ नका, कारण आपल्या आम्ल, उष्ण मातीत जिवाणूजन्य मर रोग मुक्काम ठोकून असतो. कुजलेलं शेणखत गुंठ्याला दोनशे किलो घाला आणि सगळीकडे सारखं पसरा. एका कोपऱ्यात खत जास्त पडलं तर तिथल्या मिरचीची उंची खताची असेल, बियाण्याची नव्हे.

सहा घरांची मिरची घेतलीत तर तिच्यासोबत ओळखीच्या दोन जाती लावा. एक दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची कोंकण कीर्ती आणि दुसरी पुसा ज्वाला. या दोन्हींचं वर्णन आधीच उपलब्ध आहे, त्यामुळे तुमची र-4 ज्वालापेक्षा किती उंच आणि किती उशिरा, हे लांबच्या माणसालाही कळतं.

दोन ओळींत 60 सेंटिमीटर आणि दोन झाडांत 45 सेंटिमीटर अंतर ठेवा. एका क्रमांकाची एक ओळ, ओळीत दहा झाडं. आठ ओळींचा एक तुकडा झाला. अगदी असाच दुसरा तुकडा मळ्याच्या दुसऱ्या बाजूला करा. दोन्ही मिळून 160 झाडं होतात आणि पाऊण गुंठ्यात कडेच्या ओळींसह बसतात. कोणती ओळ कुठे, हे दोन्ही तुकड्यांत वेगवेगळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवा. हे मनाने ठरवू नका. आपली आवडती मिरची नकळत पाटाजवळ लावली जाते आणि नावडती माडाच्या सावलीत. सभोवती कुठल्याही मिरचीची एक ओळ लावा, तिची नोंद घ्यायची नाही. बांधाकडची झाडं नेहमीच जास्त फोफावतात.

पऱ्याला बांध घालून पाटाने पाणी आणत असाल तर दोन्ही तुकड्यांना एकाच दिवशी पाणी द्या. पाण्याचा ताण बसलेली मिरची जास्त तिखट होते, तेव्हा एकाला ताण आणि एकाला मुबलक असं झालं तर तिखटपणाची तुलना तिथेच बिघडते.

झाड वाचणं

प्रत्येक ओळीतली दोन्ही टोकांची झाडं सोडून मधली पाच निवडा आणि त्यांना 1 ते 5 चे बिल्ले बांधा. शेवटपर्यंत मोजायचं ते याच झाडांवर. दर वेळी छान दिसणारं झाड मोजलंत तर वही निरुपयोगी होते.

ओळीतल्या निम्म्या झाडांवर पहिलं फूल उमललं की तारीख लिहा. लावणीपासून ते किती दिवस झाले, हा आकडा कोकणात फार महत्त्वाचा. लवकर फुलणारी मिरची शिमग्याच्या सुमारास लाल होऊन उन्हाळ्यात निवांत वाळते. उशिरा फुलणारी मेच्या अखेरीस वळवाच्या सरींत सापडते.

फुलावर थोडा वेळ द्या, कारण ही मिरची कोणत्या कुळीची ते फुलावरच कळतं. सकाळी आठ-नऊला ताजं उमललेलं फूल पाहा. पाकळ्या दुधासारख्या पांढऱ्या, परागकोश निळसर आणि एका पेऱ्यावर बहुधा एकच फूल असेल तर ती आपल्या नेहमीच्या मिरचीची जात, कॅप्सिकम ॲन्युअम. पाकळ्या हिरवट पांढऱ्या, पेऱ्यावर दोन-तीन फुलं ताठ उभी आणि पिकलेलं फळ ओढताच टोपी झाडावर ठेवून अलगद सुटतं, असं असेल तर ती कॅप्सिकम फ्रुटेसेन्स. परसातल्या गडग्याशी आपोआप उगवून वर्षानुवर्षं उभी राहणारी बारीक तिखट मिरची बऱ्याचदा या कुळीची असते. तिचं बी पक्षी पसरवतात. पक्ष्यांना तिखट लागत नाही, फळ टपकन सुटतं आणि बी अखंड बाहेर पडतं. ही मिरची सुपात लवंगीशेजारी ठेवली तर ओळखणं कठीण, झाडावर ओळखणं सोपं.

पेऱ्यावर एक फूल की घोस, हे वेगळं लिहा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले ज्योती या जातीत फळं घोसाने येतात आणि ती तोडणं सोपं पडतं. तुमच्या गावठीत एखादं झाड घोसाचं निघालं तर त्याला लगेच लोकर बांधा. भिंग असेल तर फुलाच्या मधली कुक्षी परागकोशांच्या आत आहे की वर डोकावते, तेही पाहा. वर डोकावणाऱ्या फुलात शेजारच्या झाडाचा पराग पडायचा संभव वाढतो. अशा मिरचीचं बी राखताना जास्त जपायला हवं.

झाडाच्या बाकीच्या नोंदी पहिल्या तोडणीच्या वेळी एकदाच घ्या. झाडाची ठेवण उभट, झुडपासारखी गोल की पसरट, ते लिहा. उंची जमिनीपासून शेंड्यापर्यंत आणि पसारा दोन दिशांनी मोजा. खोड-पानांवर लव आहे की गुळगुळीत, पेरी जांभळी की हिरवी, हे बोट फिरवून आणि डोळ्यांनी पाहा. मधल्या फांदीचं पूर्ण वाढलेलं पान घेऊन लांबी-रुंदी मोजा. पाऊण फूट उंचीचं पसरट झाड आणि कमरेएवढं उभट झाड एकाच वाडीतल्या दोन परसांत सापडलं तर नवल मानू नका, पण आकडा लिहा.

रोगाची नोंद कमीपणाची नव्हे. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळून देठ लांबले तर कोळी, पानं बारीक होऊन पूर्ण झाड आखडलं तर विषाणू. आपल्याकडे तिन्हींना चुरडा-मुरडा किंवा बोकड्याच म्हणतात. वहीत मात्र पानाची दिशा लिहा. झाड हिरवं असताना एकाएकी मान टाकलीच तर बुंध्याचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत दुधट धागा उतरला तर जिवाणूजन्य मर समजा. अशा ओळीत एखादं झाड शेवटपर्यंत ताठ उभं राहिलं, तर त्याचं बी हाती लागलेली फार मोठी गोष्ट आहे.

फळ

फळाची पहिली नोंद ते अर्धं वाढल्यावर घ्या: तोंड वर, आडवं की खाली. ज्वालाची मिरची खाली लोंबते, पंत सी-1 ची आभाळाकडे पाहते. कळी वर असून फळ जड झाल्यावर वाकणारेही प्रकार असतात. त्यामुळे कळीवरून ठरवू नका. वर तोंडाच्या मिरच्या पानांबाहेर येतात, तोडायला झरझर जातात, पण त्यांच्यावर ऊनही जास्त पडतं. कुठली चांगली, हे आधीच ठरवून बसू नका.

कच्च्या फळाचा रंग पोपटी, गर्द हिरवा, पांढुरका पिवळा किंवा जांभळा असू शकतो. पिकताना कुणी हिरव्यातून थेट लाल होते, कुणी मधे काळपट किंवा नारिंगी होते. हे टप्पे तीन-चार दिवसांच्या अंतराने फोटो काढून टिपा, फोटोत मोजपट्टी आणि पांढरा कागद असू द्या.

मोजमापाला दुसऱ्या तोडणीच्या पूर्ण लाल मिरच्या घ्या. पहिल्या तोडणीची फळं मोठी असतात, शेवटच्या तोडणीची आखूड. बिल्ल्याच्या प्रत्येक झाडावरून दोन, म्हणजे ओळीला दहा मिरच्या. वाकड्या मिरचीवर दोरा पाठीवरून टोकापर्यंत टेकवत न्या, मग दोरा पट्टीवर धरा. रुंदी सर्वांत जाड जागी, देठ वेगळा, साल मधोमध आडवी कापून व्हर्नियरने. दहांचं एकत्र वजन करून दहाने भागा. मग एकेक फोडून बी मोजा.

आकड्यांत न मावणारं शब्दांत लिहा. टोक अणकुचीदार, बोथट की आत दबलेलं? टोपीखाली फळाला मान आहे, की खांद्यापासूनच जाड सुरू होतं? टोपी फळाला कवटाळते की बशीसारखी सपाट बसते? ताज्या फळावर सुरकुत्या आहेत की चकचकीत आहे? ही वर्णनं मनाने बनवायची गरज नाही. मिरचीच्या झाडा-फळांची लक्षणं कशी लिहावीत याची आंतरराष्ट्रीय सूची 1995 साली छापली गेली आहे. कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा दापोलीला विचारून ती मिळवता येईल. आपली वही तिच्या रकान्यांशी जुळती ठेवली तर पुढे कुणालाही वापरता येते.

सालीच्या जाडीकडे मी सर्वांत जास्त लक्ष द्यायला सांगेन. पातळ सालीची मिरची खळ्यात चट्‌कन वाळते आणि रंग धरते. जाड सालीची मार्च-एप्रिलच्या दमट हवेत आतून ओली राहते, पांढरे चट्टे पडतात, बुरशी धरते. तिला वाळवायचा हट्ट धरण्यापेक्षा ती भरून किंवा ताकात मुरवून सांडगी करायला राखावी. गावठी मिरचीला ‘टिकत नाही’ म्हणून नावं ठेवली जातात तेव्हा पुष्कळदा चुकीची मिरची वाळवायला घातलेली असते. तेव्हा लाल मिरची एक किलो तोलून वेगळी वाळवा आणि पुन्हा तोला. साधारण पाव किलो ते तीनशे ग्रॅम उतरते. हा उतारा मळ्यातल्या वजनाइतकाच महत्त्वाचा, मसाल्याला मिरची लावणाऱ्याने तर आधी तोच बघावा.

तिखट आणि रंग

तिखटपणा आणि रंग यांचे दोन स्वतंत्र रकाने करा. लाल म्हणजे तिखट असा समज पक्का आहे आणि ब्याडगी तो रोज खोटा ठरवते. भरपूर रंग, बेताचं तिखट. म्हणूनच तर मसाल्यात ती रंगाला आणि संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला घालतात.

तिखट द्रव्य बियांत तयार होत नाही, ते बी ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेलं असतं त्या शिरेच्या सालीत होतं. म्हणून चाचणीला बी पूर्ण काढा आणि शिरा तशाच ठेवून पूड करा. विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने 1912 साली मिरचीचा अर्क गोड पाण्यात पातळ करत माणसांना चाखायला देऊन तिखटपणा मोजला. आज प्रयोगशाळेत यंत्र आहे, घरी क्रम लावण्यापुरती पेज पुरते. अर्धा लिटर पातळ, अळणी पेजेत अर्धा ग्रॅम पूड पाच मिनिटं उकळा आणि गाळा. वाट्यांवर फक्त आकडे लिहा, कोणती कुणाची हे चाखणाऱ्याला कळू देऊ नका. तीन माणसं, एकेक चमचा, मधे दहा मिनिटं थांबून दहीभाताचा घास. एका बैठकीत चार प्रकारांच्या वर जाऊ नका, पाचव्याला जीभ निकामी झालेली असते. ‘बेताची, तिखट, जहाल’ एवढ्या तीन पायऱ्या लिहिल्या तरी चालतील.

रंगासाठी एक ग्रॅम पूड वीस मिलिलिटर शेंगदाणा तेलात घालून वाटी गरम पाण्यात तासभर ठेवा. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो. फडक्याने गाळून प्रत्येकाचा एकेक थेंब पांढऱ्या बशीवर ओळीने टाका आणि दिवसाच्या उजेडात पाहा.

बी राखणं

मिरची स्वतःच्या परागाने फळते, तरी मधमाश्या भरपूर असतील तर परपरागही मोठ्या प्रमाणात होतो. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण 7 टक्क्यांपासून 90 टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींत 200 मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी 400 मीटर अंतर ठेवावं लागतं. आपल्या आठ ओळी तर हातभर अंतरावर आहेत. म्हणून या मळ्यातलं उघडं बी राखू नका.

बिल्ल्याच्या झाडांवर कळ्या दिसू लागल्या की एक फांदी निवडा, तिच्यावरची उमललेली फुलं आणि धरलेली फळं खुडा आणि मलमलीची पिशवी चढवून तोंड सैल बांधा. रोज सकाळी पिशवीवरून हलकेच टिचकी मारा म्हणजे पराग कुक्षीवर पडेल. आठ-दहा फळं वाटाण्याएवढी झाली की पिशवी काढा आणि त्याच फळांच्या देठांना लाल लोकर बांधा. ती पूर्ण पिकू द्या, तोडल्यावर आणखी दोन-चार दिवस सावलीत ठेवा आणि मग फोडा.

प्रत्येक क्रमांकाची दोन पाकिटं करा. पहिल्यात सगळ्या निरोगी झाडांचं बी सारख्या प्रमाणात एकत्र करा. यात त्या घरच्या मिरचीचा सगळा आवाका राहतो. दुसऱ्यात तुम्हाला पसंत पडलेल्या एकाच झाडाचं बी ठेवा. फक्त दुसरं पाकीट ठेवून पहिलं टाकून देण्याचा मोह होईल, तो आवरा. यंदा बोकड्या नव्हता म्हणून सुंदर दिसलेलं झाड पुढच्या वर्षी त्याला बळी पडू शकतं आणि तेव्हा पहिल्या पाकिटातलं एखादं कुरूप झाड कामाला येईल.

वही वाचताना

सरासरी काढण्याआधी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा शेजारी लिहा. समजा र-2 ची मिरची सहा ते सात सेंटिमीटर आणि र-5 ची चार ते नऊ. दोघींची सरासरी साडेसहाच येईल, पण र-2 स्थिरावलेली आहे आणि र-5 मध्ये निवडायला अजून पुष्कळ वाव आहे. दोन तुकड्यांतही ताळा करा. फळाची लांबी, तोंडाची दिशा, पेऱ्यावरची फुलं ही लक्षणं दोन्हीकडे जवळपास सारखी निघतील, झाडाला धरलेल्या मिरच्या आणि एकूण वजन मात्र जागेप्रमाणे हलेल. ओळख पटवायला पहिली लक्षणं वापरा, दुसऱ्या आकड्यांवर एका हंगामात निकाल देऊ नका. फळं मोठी झाली की संख्या सहसा कमी होते, हेही ध्यानात असू द्या.

वही दोन-तीन हंगाम भरली की ती बाहेर दाखवा. पिकांच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा कायदा 2001 चा आहे. त्यात शेतकऱ्यांनी राखलेला वाण त्यांच्या नावे नोंदवता येतो, त्यासाठी नोंदणी शुल्क पडत नाही आणि तो वाण नवा असावा अशी अट नाही. पण तो वेगळा आहे, स्थिर आहे, हे दाखवावं लागतं आणि त्याचं उत्तर तुमच्या रकान्यांतच आहे. शेजारच्या गोव्यात काणकोणची खोला आणि पेडण्याची हरमल, विदर्भातली भिवापुरी, कर्नाटकातली ब्याडगी या मिरच्यांना भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांचं फळ, रंग, तिखटपणा आणि मुलूख यांचं वर्णन कागदावर आलेलं होतं. अर्ज शक्यतो गावाच्या किंवा गटाच्या नावाने करा, कारण बी बऱ्याच घरांनी राखलेलं असतं.

जून उजाडण्याआधी ज्या घरांनी बी दिलं त्यांना दोन्ही पाकिटं परत नेऊन द्या. सोबत त्यांच्या मिरचीचा एक पानाचा तक्ता द्या आणि जमल्यास घरातल्या बाईला वाचून दाखवा. तिची दुरुस्ती त्याच पानावर लिहून घ्या. पुढच्या ऑक्टोबरात त्याच घराच्या वाफ्यावर तीन रेघा पाडायला सांगा. एका रेघेत नेहमीप्रमाणे सुपातून निवडलेलं बी, दुसरीत सगळ्या निरोगी झाडांचं एकत्र आणि तिसरीत एका निवडक झाडाचं. लावणीलाही तिन्हींची दहा-दहा झाडं शेजारी ठेवायची, आणि शिमग्याला प्रत्येक रेघेतली बोकड्या पडलेली झाडं आणि तोडलेल्या मिरच्यांचं वजन मोजून त्याच तक्त्याच्या मागे लिहायचं.